जबडा, दात आणि एक आरोप

गेल्या पावसाळ्यानंतर गगनबावड्यातील एका मुलाने कुंभी नदीच्या पात्रातून एक जबडा उचलून आमच्याकडे आणला. खालचा जबडा होता आणि पाच दाढा आपापल्या खोबणीत घट्ट बसलेल्या होत्या. "हा जीवाश्म आहे ना?" असे त्याने मोठ्या आशेने विचारले. जबडा म्हशीचा होता आणि फार तर चार-सहा पावसाळे पाहिलेला होता. हाताला हलका लागत होता, त्याच्या भेगांतून अजून माती गळत होती. मुलाची निराशा झाली. आमचीही थोडी झाली, हे कबूल करावयास हवे.

गगनबावड्यात जीवाश्म शोधणे तसे व्यर्थच. करूळ किंवा भुईबावडा घाट उतरताना डोंगराची जी पायरीवजा कड दिसते ती सगळी थिजलेल्या लाव्ह्याची. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो थरावर थर असा पसरत गेला, आणि त्याच्या माथ्यावर पुढे पावसाने जांभा घडविला. तापलेल्या रसात हाड कोठून टिकणार? परंतु दोन लाव्ह्यांच्या मधल्या शांत काळात जेथे तळी साचली, तेथे गाळाखाली पुष्कळ काही जपले गेले. मुंबईत वरळीच्या टेकडीतून अशाच गाळात चिमुकले बेडूक सापडले आणि १८४७ साली रिचर्ड ओवेन यांनी त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. नागपूरजवळच्या टाकळीचे थर रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप आणि रेव्हरंड रॉबर्ट हंटर या स्कॉटिश मिशनऱ्यांनी धुंडाळले. पुढे, लाव्हा आटोपल्यावर कितीतरी काळाने, गोदावरीच्या गाळात प्रचंड हत्ती निजले. त्यांपैकी नांदूर मध्यमेश्वरच्या हत्तीविषयी भूशास्त्र सर्वेक्षणाच्या पिलग्रिम यांनी १९०५ साली लिहिले. आज तेथे लोक पक्षी पाहावयास जातात.

या सर्व संग्रहांत दातांसह जबड्याचे मोल काही वेगळेच. दात हा शरीराचा सर्वांत कठीण भाग. हाड विरघळून गेले तरी तो उरतो. म्हणूनच सुटे दात पुष्कळ मिळतात. परंतु प्राणी मेल्यावर दाताला खोबणीशी बांधणारे तंतू कुजतात, पाण्याच्या ओढीने एकमुळी पुढचे दात आधी गळतात, आणि जबडा रिकामा होतो. दात जागेवर असलेला जबडा सापडला की एकाच वेळी कितीतरी प्रश्नांची उत्तरे मिळतात: कोणता दात कोणाच्या शेजारी, प्राणी कोवळा की म्हातारा, तो गवत कापीत होता की मांस फाडीत होता. हत्तीच्या बाबतीत तर दाढा मागून पुढे सरकत येतात व आयुष्यभरात त्यांचे सहा संच झिजतात. त्यामुळे जबड्यातील दाढ कितवी हे कळले की वयाचा अंदाज बांधता येतो. याउलट सुट्या दाताने किती सांभाळून बोलावे लागते! हिस्लॉप यांच्या नावाने १९८८ साली ज्या चिचुंद्रीएवढ्या सस्तन प्राण्याचे 'डेक्कनोलेस्टिस हिस्लॉपी' असे बारसे झाले, तो आजच्या तेलंगणातील नास्कल येथे सुट्या दातांच्या रूपानेच सापडला होता. त्याचे नेमके गोत्र कोणते याविषयी अभ्यासकांचा वाद बराच काळ चालला.

हे सारे त्या मुलाला सांगत असताना आम्हांला जगातल्या सर्वांत कुप्रसिद्ध जबड्याची आठवण झाली. त्या जबड्यातही दोन दाढा जागेवर होत्या. आणि त्याच्याशी आपल्या एका धर्मगुरूचे नाव असे चिकटले आहे की ते अजून पुरते सुटलेले नाही. ज्या लेखाने ते चिकटविले त्याचीच समीक्षा येथे करावयाची आहे.

लेख स्टीफन जे गूल्ड यांचा. हे हार्वर्ड विद्यापीठातील नामवंत जीवाश्मशास्त्रज्ञ आणि विज्ञानविषयक निबंधलेखनातील श्रेष्ठ नाव. २००२ साली ते निवर्तले. 'द पायल्टडाउन कॉन्स्पिरसी' या शीर्षकाचा त्यांचा निबंध ऑगस्ट १९८० मध्ये 'नॅचरल हिस्टरी' या मासिकात आला आणि १९८३ साली 'हेन्स टीथ अँड हॉर्सेस टोज' या संग्रहात समाविष्ट झाला.

प्रकरण थोडक्यात असे. डिसेंबर १९१२ मध्ये लंडनच्या भूशास्त्र संस्थेपुढे चार्ल्स डॉसन हा हौशी संग्राहक वकील आणि आर्थर स्मिथ वुडवर्ड हे संग्रहालयाचे अधिकारी यांनी ससेक्समधील पायल्टडाउन येथील मानवी कवटीचे तुकडे आणि एक वानरासारखा जबडा मांडला. कवटी माणसाची, जबडा माकडाचा, पण दाढा माणसासारख्या सपाट झिजलेल्या! माणूस आणि वानर यांमधला दुवा मिळाला म्हणून इंग्लंड हर्षभरित झाले. पुढच्या वर्षी, ३० ऑगस्ट १९१३ रोजी, त्याच खडीतून एक सुळा मिळाला. तो उचलणारा तरुण धर्मगुरू म्हणजे येशूसंघीय फादर पिएर तेयार द शार्दां. हेस्टिंग्ज येथे ईशज्ञानाचा अभ्यास करीत असताना १९०९ साली त्यांची डॉसनशी गाठ पडली होती.

चाळीस वर्षांनी, नोव्हेंबर १९५३ मध्ये, वाइनर, ओकली आणि ल ग्रो क्लार्क या तिघांनी सिद्ध केले की जबडा वानराचा असून मुद्दाम रंगविलेला आहे. दाढा कानशीने घासलेल्या होत्या, आणि ते ओरखडे साध्या भिंगाखालीही दिसत होते. ते चाळीस वर्षे कोणी पाहिले नाहीत, कारण कोणी ते शोधलेच नाहीत. फसविणाऱ्याची हुशारी कशात होती पाहा. जबडा कवटीला जेथे जोडला जातो ते टोक मोडलेले, हनुवटीचा भागही मोडलेला. म्हणजे जबडा कवटीचा नाही हे ज्या दोन ठिकाणी उघड झाले असते, नेमकी तीच दोन ठिकाणे गायब. उरले ते दात. पाहणाऱ्याने दातांवर विश्वास ठेवला.

सगळेच फसले असेही नाही. लंडनचे शरीररचनाशास्त्रज्ञ वॉटरस्टन यांनी १९१३ सालीच जबडा वानराचा आहे असे लिहिले होते. अमेरिकेत मिलर आणि फ्रान्समध्ये बूल यांनी १९१५ साली तेच म्हटले. परंतु हे सर्व दोन वेगळे प्राणी एका ठिकाणी आले असे समजत होते. लबाडीचा संशय त्यांना आला नाही.

आता गूल्ड यांचा आरोप. डॉसन दोषी होता हे ते मानतातच. त्यांचे म्हणणे असे की तेयार त्याचे साथीदार होते. तरुणपणी दोघांनी मिळून थट्टा म्हणून हे रचले. मग युद्ध आले, डॉसन १९१६ साली वारला, आणि नामांकित शास्त्रज्ञ झालेल्या तेयार यांना कबुली देणे अशक्य झाले. यासाठी गूल्ड मुख्यतः दोन पुरावे देतात. एक, १९५३ साली ओकली यांना लिहिलेल्या पत्रात तेयार म्हणतात की डॉसनने आपल्याला दुसरी जागाही दाखविली होती व तेथील दाढ आणि कवटीचे तुकडे यांविषयी सांगितले होते. परंतु त्या दुसऱ्या जागेचा शोध १९१५ सालचा, आणि तेव्हा तेयार युद्धआघाडीवर रुग्णवाहक म्हणून होते. म्हणजे शोध लागण्याआधीच त्यांना तो ठाऊक होता! दुसरा पुरावा मौनाचा. मानवाच्या उत्क्रांतीवर आयुष्यभर लिहिणाऱ्या या लेखकाने आपल्या पहिल्या मोठ्या शोधाचा उल्लेख जवळजवळ टाळला.

निबंध म्हणून हा लेख वाचताना आम्ही दोनदा त्याच्या आहारी गेलो, हे नमूद केले पाहिजे. गूल्ड यांची मांडणी उत्तम वकिलाची आहे. ते पत्र हळूच पुढे करतात, तारखा शेजारी शेजारी ठेवतात, आणि वाचकाच्या मनात निष्कर्ष आपोआप उभा राहतो. आरोपी प्रिय असूनही आपण सत्यासाठी बोलत आहोत, हा सूर तर फारच परिणामकारक.

परंतु पत्र लिहिणारा बहात्तर वर्षांचा वृद्ध आहे आणि प्रसंग चाळीस वर्षांपूर्वीचा आहे. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारून पाहावे: अमक्याचे लग्न अगोदर की तमक्याचे घर? शपथेवर उलटे सांगतील, आणि त्यात लबाडी नसेल. गुन्हेगार आपल्याला अडचणीत आणणारी तारीख कोणी न विचारता लिहून देईल, ही गोष्टही तेवढीच चमत्कारिक. मौनाचे म्हणाल तर ते संपूर्ण नव्हतेच. १९२० साली तेयार यांनी पायल्टडाउनवर फ्रेंचमध्ये स्वतंत्र लेख लिहिला व कवटी आणि जबडा दोन वेगळ्या जीवांचे असावेत असे मत दिले. ज्याला जबडा त्या कवटीचा वाटतच नाही, तो पुढे आपल्या ग्रंथांत त्याचा आधार कशाला घेईल? त्या मौनाला अपराधापेक्षा शंका हे कारण पुरेसे आहे. गूल्ड ही शक्यता ऐकतात, पण तिला फार वेळ उभे राहू देत नाहीत.

आमचा खरा आक्षेप मात्र आणखी वेगळा आहे. याच गूल्ड यांनी मार्च १९७९ मध्ये 'पायल्टडाउन रिव्हिजिटेड' हा निबंध लिहिला होता. 'द पांडाज थम्ब' या संग्रहात तो आहे. एवढे विद्वान फसले कसे, हा त्याचा विषय. उत्तर असे की त्यांना जे हवे होते तेच त्यांनी पाहिले: इंग्लंडला आपला आदिमानव हवा होता, आणि मेंदू आधी वाढला ही कल्पना आवडती होती. अपेक्षा आधी, पुरावा मागाहून. हा निबंध आम्हांला गूल्ड यांच्या उत्तम लेखनांपैकी वाटतो. दीडच वर्षांनी त्यांच्या स्वतःच्या हाती एक पत्र आले, त्यात एक तारीख चुकलेली होती, आणि त्या तारखेभोवती त्यांनी पूर्ण माणूस उभा केला. मोडलेल्या जबड्याचे टोक जसे इंग्रज विद्वानांनी कल्पनेने भरून काढले, तसेच हे. संग्रह काढताना टीकाकारांना उत्तर देण्याची संधी त्यांना मिळाली व त्यांनी उत्तर दिलेही. पण आरोप मागे घेतला नाही.

पुढचा पुरावा त्यांच्या बाजूने गेला नाही. २००३ साली माइल्स रसेल यांनी डॉसनच्या जुन्या संग्रहाची छाननी केली तेव्हा तीसहून अधिक वस्तू बनावट किंवा संशयास्पद निघाल्या. त्यांत तेयार यांची ओळख होण्याच्या कितीतरी आधीच्या, कानशीने घासलेल्या दातांचाही समावेश होता. २०१६ साली इझाबेल द ग्रूट आणि सहकाऱ्यांनी आनुवंशिक द्रव्य व क्ष-किरणचित्रे तपासली. पहिल्या जागेचा जबडा, तेयार यांना मिळालेला सुळा आणि दुसऱ्या जागेची दाढ ही बहुधा एकाच ओरांगउटानची आहेत, सर्वत्र हातोटी एकच, पोकळीत खडे भरून वर लांबी लिंपण्याची रीतही एकच. दुसऱ्या जागेचे तुकडे डॉसनखेरीज कोणी शोधले नव्हते. तेव्हा करणारा एकच होता आणि तो डॉसन होता, असा त्यांचा कौल आहे.

यावरून फादर तेयार यांना संत ठरविण्याची घाई आपणही करू नये. सुळा त्यांच्या हाती इतक्या सोयीने आला याचे त्यांना आश्चर्य वाटावयास हवे होते. त्यांच्या ग्रंथांतील ईशज्ञानाविषयी रोमने १९६२ साली सावधगिरीची सूचना काढली, तो विषय वेगळा. त्याचा या जबड्याशी संबंध नाही, आणि काही टीकाकार तो जोडतात ते अन्यायाचे आहे. १९३५ साली हेच तेयार हेल्मुट दि टेरा यांच्याबरोबर भारतात आले व नर्मदेच्या गाळाची पाहणी करून गेले. त्याच खोऱ्यात हथनोरा येथे १९८२ साली अरुण सोनकिया यांना आदिमानवाच्या कवटीचा भाग मिळाला. जबडा नाही, दात नाहीत. म्हणून त्या कवटीच्या मालकाला काय म्हणावे यावर मतभेद आहेत. पायल्टडाउनला जबडा नको इतका सोयीचा मिळाला; हथनोऱ्याला हवा असून मिळाला नाही.

दातांचे जबडे बनविण्याचा धंदा डॉसनबरोबर संपलेला नाही. मोरोक्कोच्या फॉस्फेट खाणींतून समुद्री सरड्यांचे खरे दात भरपूर निघतात. ते भलत्याच हाडांत बसवून, वाळू व गोंदाने सांधून, 'अखंड जबडा' म्हणून विकले जातात. २०२१ साली तेथील एका जबड्यावरून नवी प्रजाती जाहीर झाली, आणि २०२४ साली इतर संशोधकांनी तो जोडकामाचा असावा अशी शंका घेऊन क्ष-किरण तपासणीची मागणी केली.

आमच्या मुलाकडेही आता पाचच्या जागी चारच दाढा घट्ट आहेत. एक वाळून निसटली ती त्याने गोंद लावून परत बसविली आहे. आम्ही पाहिले तर ती उलटी बसली होती. ती काढून सरळ बसवावी की तशीच ठेवावी यावर त्याच्या आजीचे आणि आमचे मत पडत नाही.

ज्यांना हे मुळातून वाचावयाचे आहे त्यांनी १९७९ चा निबंध आधी वाचावा, १९८०चा नंतर. उलट क्रमाने वाचल्यास दुसऱ्याची धार पहिल्यावर चढते आणि गूल्ड यांनी एकेकाळी किती नेमके लिहिले होते ते निसटून जाते. दोन्ही पुस्तके मोठ्या ग्रंथालयांत मिळू शकतात.