मक्ता आणि मक्तेदारी : संगणकीय खेळांच्या विक्रीसंबंधी एक परिभाषाचिकित्सा

संगणकावर खेळावयाच्या खेळांची विक्री आता बहुतांशी दोन-चार आंतरजालीय दुकानांतून होते. यांपैकी एखाद्या दुकानाने एखादा खेळ काही काळ केवळ आपल्याच फळीवर ठेवण्याचा करार केला, की ग्राहकांत क्षोभ माजतो आणि स्पर्धेच्या तत्त्वाचा प्रश्न उपस्थित होतो. या प्रश्नाची चर्चा मराठीतून करावयाची झाल्यास हाताशी येणारा पहिला शब्द 'मक्तेदारी' हा होय. प्रस्थापित दुकानाचे वर्चस्व हीही मक्तेदारी, नव्या दुकानाचा अनन्यविक्रीचा करार हीही मक्तेदारी आणि कायद्याने एकाच खरेदीदारास दिलेला अधिकार हीही मक्तेदारीच. तीन भिन्न वस्तूंना एक नाव मिळाले, म्हणजे त्यांच्याविषयीचा निर्णयही एकच होऊ लागतो. या शब्दाची उलटतपासणी करण्याचे प्रयोजन एवढेच.

'मक्ता' हा शब्द अरबीतून फारसीच्या द्वारे मराठीत आला. 'कापणे, तोडणे' या अर्थाच्या धातूशी त्याचा संबंध आहे. सरकारी उत्पन्नाचा एखादा तुकडा, मग तो गावाचा वसूल असो, जकात असो की आबकारी असो, ठरीव रकमेस व ठरीव मुदतीपुरता एखाद्याच्या हवाली करणे, हा त्याचा मूळ व्यवहार. यात तीन घटक स्पष्ट आहेत : देणारा, रक्कम आणि मुदत. मुदत सरली की मक्ता पुन्हा हर्राशीला निघे व दुसऱ्याच्या हाती जाऊ शके. 'मक्तेदारी' या साधित शब्दात मात्र हे तिन्ही घटक गळून गेले आहेत. तेथे देणारा नाही, रक्कम नाही, आणि मुदत तर मुळीच नाही. उरली ती केवळ एकट्याची सत्ता. अर्थविस्ताराचे हे उदाहरण वरवर साधे दिसते. परंतु विस्तार होताना शब्दाने जे टाकून दिले, तेच नेमके प्रस्तुत वादात महत्त्वाचे आहे.

ही प्रक्रिया एकट्या मराठीची नव्हे. उर्दूत 'इजारा' म्हणजे भाडेपट्टा वा ठेका, आणि 'इजारादारी' म्हणजे एकाधिकार. नांदेड जिल्ह्याच्या सीमेपलीकडे तेलुगूत 'गुत्ता' म्हणजे ठेका, आणि त्यावरून 'गुत्ताधिपत्यम्' हा एकाधिकाराचा शब्द घडला आहे. कन्नडात 'गुत्तिगे' हा ठेक्याच्याच अर्थी चालतो. मराठवाड्याने हा द्राविडी शब्द घेतला, पण त्याची गती निराळी झाली. येथील 'गुत्तेदार' हा रस्ता बांधणारा, विहीर खोदून देणारा साधा ठेकेदारच राहिला. त्याला कोणी सर्वाधिकारी समजत नाही. म्हणजे एकाच भूभागात 'मक्ता' वर्चस्वाकडे सरकला व 'गुत्ता' ठेक्यापाशीच थांबला. ग्रीकातून आलेल्या युरोपीय शब्दात 'एकच विकणारा' ही संख्या मुख्य आहे. आपल्याकडील शब्दांत बहाल केलेला हक्क मुख्य आहे. हा भेद परिभाषाकारांनी पुरेसा ध्यानी घेतलेला दिसत नाही.

आता व्यवहाराकडे वळावे. अमेरिकेतील व्हाल्व्ह या कंपनीने २००३ साली 'स्टीम' सुरू केले. २००४ साली तिने आपला 'हाफ-लाइफ २' हा खेळ प्रसिद्ध केला, तेव्हा तो दुकानातून डबीत घेतला तरी स्टीमवर नोंदविल्यावाचून चालत नसे. आज अनन्यविक्रीविरुद्ध दाखले देताना स्टीमला खुल्या बाजाराचा प्रतिनिधी मानले जाते. पण त्या बाजाराची वीट अशा सक्तीनेच रचली गेली, हे विसरता कामा नये. अर्थात हा घरचा माल होता. पुण्याच्या एखाद्या जुन्या दुकानावर 'आमची कोठेही शाखा नाही' अशी पाटी असते, तेव्हा तेथील बाकरवडी अन्यत्र न मिळण्याबद्दल कोणी स्पर्धेची हाकाटी करीत नाही. निर्माता व विक्रेता एक असतो तेथील अनन्यता वेगळी, आणि दुसऱ्याचा माल पैसे देऊन बांधून घेतला जातो तेथील वेगळी. मराठीत दोहोंना वेगळे शब्द हवेत. तूर्त 'घरची विक्री' व 'बांधील विक्री' असे म्हणता येईल.

बांधील विक्रीचा वाद पेटला तो २०१८ च्या डिसेंबरात 'एपिक गेम्स स्टोअर' उघडल्यावर. स्टीम विक्रीच्या ३० टक्के अडत कापून घेई. एपिकने ती १२ टक्के ठेवली. हजार रुपयांच्या विक्रीत निर्मात्याच्या पदरी ७०० ऐवजी ८८० रुपये पडू लागले. (येथे 'अडत' हा शब्द जाणूनबुजून योजिला आहे. लातूरच्या मोंढ्यात ज्याला अडत म्हणतात, त्याहून ही वस्तू निराळी नाही. 'कमिशन' म्हटल्याने तिला काही विशेष प्रतिष्ठा येते असे नव्हे.) एपिकचे दुकान उघडण्याच्या काही दिवस आधी स्टीमनेही सवलत जाहीर केली; पण ती एक कोटी डॉलरांवरील विक्रीस २५ टक्के व पाच कोटींवरील विक्रीस २० टक्के अशी होती. लहान निर्मात्याची अडत ३० टक्क्यांवरच राहिली. मोठ्या गाडीला वाट आणि बैलगाडीला टोल, असा हा न्याय.

अडत कमी असूनही ग्राहक नव्या दुकानात येईना, म्हणून एपिकने माल बांधण्यास आरंभ केला. २०१९ च्या जानेवारीअखेर 'मेट्रो एक्झोडस' हा खेळ एक वर्षासाठी एपिकवरच मिळेल असे जाहीर झाले. प्रसिद्धीस जेमतेम तीन आठवडे उरले होते आणि स्टीमवर त्याची आगाऊ विक्री झालेली होती. ती पाळली गेली. पण ज्यांनी पैसे भरले नव्हते त्यांच्या तोंडावर दार लागले. ग्राहकांचा संताप अनाठायी नव्हता, मात्र त्याचे कारण चुकीचे सांगितले गेले. दोष अनन्यतेचा नव्हता, दिलेला शब्द फिरविण्याचा होता. 'मक्तेदारी' या शब्दाखाली हा साधा वचनभंग झाकला गेला आणि एपिकलाही आपण वर्चस्वाशी झुंजत आहो असे म्हणण्यास वाव मिळाला. अमेरिकेत या खेळाची किंमत दहा डॉलरांनी उतरली, हेही नोंदविले पाहिजे; अडत घटल्याचा लाभ ग्राहकापर्यंत पोहोचल्याचे हे उदाहरण होते. त्याची सार्वत्रिक पुनरावृत्ती मात्र झाली नाही.

माल बांधण्याचे साधन होते 'किमान हमी'. खेळ कितीही खपो, ठरलेली रक्कम निर्मात्यास मिळणारच. 'कंट्रोल' या खेळाच्या अनन्यविक्रीपोटी सुमारे ९५ लाख युरो दिले गेल्याचे त्याच्या प्रकाशकाच्या हिशोबावरून दिसून आले. एपिक व अॅपल यांच्या दाव्यात २०२१ साली जी कागदपत्रे पुढे आली, त्यांत एकट्या २०२० सालासाठी अशा हमीपोटी ४४ कोटी ४० लाख डॉलरांची बांधिलकी नोंदलेली होती. या व्यवहारास मराठवाड्याच्या बोलीत आयता शब्द आहे, तो म्हणजे 'उचल'. पेरणीच्या तोंडी अडत्याकडून उचल घेतलेला शेतकरी सुगीत आपली तूर त्याच्याच अडतीवर घालतो. शेजारच्या दुकानी भाव बरा लागला तरी त्याचे पाय तिकडे वळत नाहीत. उचलीत गरज भागते आणि स्वातंत्र्य गहाण पडते. परंतु साम्य येथवरच. शेतकऱ्याच्या उचलीला वर्षाची मुदत नसते, ती एका हंगामातून दुसऱ्यात वाहत जाते, आणि तिच्यावर व्याज चढते. खेळाच्या निर्मात्याची हमी परत करावी लागत नाही व करार संपताच तो मोकळा होतो. 'मेट्रो एक्झोडस' २०२० च्या फेब्रुवारीत स्टीमवर आलाच. म्हणून या व्यवहारास 'उचल' म्हणणे अर्धे खरे, 'मक्तेदारी' म्हणणे बव्हंशी खोटे, आणि जुना 'मक्ता' हाच शब्द यथार्थ. येथे देणारा आहे, रक्कम आहे, मुदतही आहे.

याच्या उलट टोकाचा अनुभव या प्रदेशाच्या स्मरणात आहे. महाराष्ट्राने १९७१ साली कच्च्या कापसाच्या खरेदीचा कायदा केला व १९७२ पासून 'एकाधिकार कापूस खरेदी योजना' अमलात आली. पणन महासंघाखेरीज कोणालाही कापूस विकण्यास शेतकऱ्यास मनाई झाली. बोलीत हा महासंघ 'फेडरेशन' झाला. हमीभाव होता, मापात चोरी करणाऱ्या व्यापाऱ्यापासून संरक्षण होते, आणि मंदीच्या वर्षी हा आधार मोलाचा होता. पण ज्या वर्षी बाहेर भाव चढे, त्या वर्षी कापूस राज्याची सीमा ओलांडून जाई. किनवट-बिलोली-देगलूरकडील शेतकऱ्यास पलीकडचा बाजार काही दूर नव्हता. विशेष असे की, शासनाने या योजनेसाठी 'मक्तेदारी' हा शब्द टाळून 'एकाधिकार' हा संस्कृत शब्द पत्करला. व्यापाऱ्याची ती मक्तेदारी आणि शासनाचा तो एकाधिकार, अशी ही वाटणी शब्दकोशाने नव्हे, राजकारणाने केली. खाजगी व्यापाऱ्यांना पुन्हा प्रवेश मिळाला तो २००२ साली; म्हणजे ही अनन्यता तीस वर्षे टिकली. मेट्रोची एक वर्ष. दोहोंना एकाच शब्दाने संबोधणारा टीकाकार काळाचे परिमाणच विसरतो.

कायद्याची भाषा या बाबतीत अधिक सावध आहे. १९६९ च्या कायद्याच्या नावातच मक्तेदारी होती. तो २००९ साली रद्द होऊन २००२ चा स्पर्धा कायदा त्याच्या जागी आला, आणि नामात शत्रूऐवजी इष्ट वस्तू आली. या कायद्याच्या तिसऱ्या कलमात अनन्यविक्रीचे करार येतात व चौथ्यात वर्चस्वाचा गैरवापर. अनन्यविक्रीचा करार स्वतः गुन्हा नव्हे. त्याने स्पर्धेवर लक्षणीय विपरीत परिणाम होतो काय, हे पाहावे लागते. वर्चस्वही गुन्हा नव्हे, त्याचा गैरवापर हा गुन्हा. भारतीय स्पर्धा आयोगाने २०२२ साली गूगलला तिच्या भ्रमणध्वनीवरील दुकानातील देयकपद्धतीबद्दल दंड केला, तो या दुसऱ्या सदराखाली. दुकानाचे सामर्थ्य आणि दुकानाचा करार हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत, हा विवेक विधिकारांनी केला. मराठी लेखनाने अद्याप केलेला नाही.

याचा अर्थ एपिकचा मक्ता सफल झाला असा मात्र नव्हे. २०१९ च्या एप्रिलमध्ये तिच्या प्रमुखाने जाहीर केले, की स्टीमने सर्व निर्मात्यांना ८८ टक्के वाटा कायमचा द्यावा, आपण बांधील विक्री बंद करू. स्टीमने तसे केले नाही, आणि तसे करण्याची तिला निकडही भासली नाही. एपिकच्या दुकानात अन्य निर्मात्यांच्या खेळांवर झालेला खर्च २०२४ साली साडेपंचवीस कोटी डॉलर होता, आणि तो आदल्या वर्षाहून १८ टक्क्यांनी कमी होता. मक्ता घेऊन गिऱ्हाईक दुकानात आणता येते, दुकानात ठेवता येत नाही. गिऱ्हाईकाचा आधी घेतलेल्या खेळांचा साठा, मित्रांची यादी, वाचकांच्या शेऱ्यांचा संग्रह, हे सारे स्टीमकडे आहे. लातूरच्या गंजगोलाईस सोळा रस्ते मिळतात. शेजारी दुसरी गोलाई बांधली तरी रस्ते वळत नाहीत. ग्राहकास दुसरे दुकान उघडण्यास कवडीही पडत नाही, हा युक्तिवाद म्हणूनच अपुरा आहे. पाऊल फुकट असले तरी सवय फुकट नसते. खरी मक्तेदारी जर कोठे असेल तर ती या सवयीत आहे, आणि ती कोणत्याही करारात लिहिलेली नाही.

बांधील विक्रीची बाजू भक्कम करणारे एक उदाहरण 'अॅलन वेक २' या खेळाचे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या या खेळाचा प्रकाशक एपिक हाच असून संगणकावर तो तिच्याच दुकानात मिळतो. तेथे तयार माल बांधलेला नाही. निर्मितीचाच खर्च उचललेला आहे. 'घरची विक्री' आणि 'बांधील विक्री' या वर केलेल्या विभागणीत तो कोठे बसवावा हा प्रश्न उरतो, आणि विभागणी त्याला पुरी पडत नाही हे मान्य केलेले बरे.

महाराष्ट्रापुरते पाहता या प्रश्नाचे सर्वांत जवळचे उदाहरण पुण्यात सापडते. नोडिंग हेड्स गेम्स या तेथील संस्थेचा 'राजी' हा खेळ १८ ऑगस्ट २०२० रोजी प्रथम निन्टेन्डोच्या स्विच या यंत्रासाठी प्रसिद्ध झाला. संगणकावर तो १५ ऑक्टोबरला आला. निन्टेन्डो त्या काळी हे यंत्र भारतात अधिकृतपणे विकत नसे. यंत्र परदेशातून वा आडमार्गाने मिळविलेल्यांची गोष्ट सोडली, तर राजस्थानी महालांची व देवीदेवतांची कथा सांगणारा पुण्याचा हा खेळ नांदेडच्या मुलाला दोन महिने खेळता आला नाही; परदेशातील मुलाला आला. त्यास मक्तेदारी म्हणावे असे कोणास वाटले नाही. मुदत दोन महिन्यांची होती आणि ती पाळली गेली.