भागीदारी की कंत्राट?

‘सार्वजनिक-खासगी भागीदारी’तला ‘भागीदारी’ हा शब्द आज जरा तपासू. भागीदार म्हणजे नफ्याबरोबर तोटाही वाटून घेणारा. आता गुजरातची चिरंजीवी योजना घ्या. २००५च्या अखेरीस ती पाच जिल्ह्यांत सुरू झाली. गरीब बाईचं बाळंतपण खासगी डॉक्टरनं मोफत करायचं आणि सरकारनं त्याला सुरुवातीच्या दरानं शंभर बाळंतपणांमागे १,७९,५०० रुपये द्यायचे, असं ठरलं होतं. प्रसूती साधी असो की सिझेरियन, दर एकच. यात शहाणपण आहे, हे मान्य करू : विनाकारण सिझर करून कमाई वाढत नाही. पण त्याच हिशेबात गुंतागुंतीची बाळंतीण तोट्याची ठरते. तिला सरकारी दवाखान्याकडे धाडायचा मोह यातच दडलेला आहे. शिवाय परवडेनासं झालं की डॉक्टर योजना सोडू शकतो, आणि अनेकांनी ती सोडलीही. सरकारला मात्र त्या बाईला सोडता येत नाही.

मग तोट्यात भाग नसलेली ही भागीदारी कसली? हे कंत्राट आहे. कंत्राट वाईट नसतं हो, पण त्याला कंत्राटच म्हणा. म्हणजे सरकारला स्वतःचं प्रसूतिगृह का चालू ठेवावं लागतं, हे वेगळं सांगावं लागणार नाही.