हातगाडी आणि लाल रेघ

...तर मंडळी, मूळ मुद्द्यावर येतो. फेब्रुवारी 2020 मध्ये सायमन वेकर्ट नावाच्या जर्मन कलावंताने एका छोट्या हातगाडीत 99 जुने स्मार्टफोन भरले आणि बर्लिनच्या रस्त्यावरून ती सावकाश ओढत नेली. रस्ता रिकामा, पण गूगल मॅप्सवर तो लालभडक! (हशा) कृती चतुर आहे, वादच नाही. प्रत्येक फोन आपली जागा आणि वेग कळवतो. त्यावरून गणित रस्त्याच्या त्या तुकड्याचा वेग काढतं. 99 फोन रांगत असतील तर गणिताच्या लेखी तिथे 99 गाड्या अडकल्या.

पण माझी तक्रार आहे. ही कलाकृती हसवून थांबते. नकाशाला फसवता येतं, एवढंच ती सांगते. नकाशा खरं बोलतो तेव्हा काय होतं, हे ती विचारतच नाही.

बर्लिन सोडा, आपल्या गुलमंडीत या. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी पैठण गेटपासून सिटी चौकापर्यंत रेघ लालच असणार, आणि ती खोटी नसते. पण त्या लालात काय काय आहे? पायी खरेदीला आलेल्या बायका, रस्त्यातच थांबलेली रिक्षा, आणि हो, हातगाडी. केळीवाल्याची, खरीखुरी. वेकर्टच्या प्रयोगावर गूगलने मिश्कील उत्तर दिलं होतं: भारत, इंडोनेशिया, इजिप्त अशा देशांत आम्ही कार आणि मोटारसायकल वेगळी ओळखतो, हातगाडीचं मात्र अजून जमलेलं नाही. त्यांच्यासाठी तो विनोद होता. आपल्याकडे तो अर्धा बाजार आहे हो!

म्हणजे नकाशाला गुलमंडी बाजार म्हणून दिसतच नाही, अडथळा म्हणून दिसते. आणि अडथळा दिसला की तो हटवायची भाषा सुरू होते.

आता सरकारी बाजू बघा. 1 जानेवारी 2019 पासून नोंदणी होणाऱ्या नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना जागा कळवणारं यंत्र सक्तीचं झालं, पण तीनचाकी त्यातून वगळल्या. आपल्या स्मार्ट सिटीची शहर बसही त्याच महिन्यात रस्त्यावर आली. बस नकाशावर एक ठिपका, आत चाळीस माणसं. जालना रोडवर कारही एक ठिपका, आत बहुतेक वेळा एकटा माणूस. वेगाच्या हिशेबात दोघांची किंमत सारखीच! सिग्नलची वेळ ठिपक्यांवरून ठरवायची की माणसांवरून, हा प्रश्न सेव्हन हिल्सला बसची वाट बघणाऱ्याचा आहे.

आणखी एक, घाईत सांगतो: रोज रात्री फोन कुठे विसावतो, हेही त्याच माहितीतून कळतं. त्यावर वेगळं व्याख्यान लागेल.

वेकर्टने तीच गाडी शनिवारी शहागंजात आणली असती ना, तर 99 फोन तिथे कुणाच्या लक्षातही आले नसते. त्याला आधी वाट मागावी लागली असती. (हशा) आता प्रश्न घेऊ या.