‘मी वसंतराव’ : प्रथमपुरुषाचा प्रश्न

चरित्रपट हा स्वभावतः तृतीयपुरुषी प्रकार होय. एकाची हकीकत त्यात दुसरा सांगतो. निपुण धर्माधिकारी दिग्दर्शित ‘मी वसंतराव’ (२०२२) ह्या चित्रपटाने मात्र शीर्षकातच प्रथमपुरुष योजिला आहे. ‘मी’ ह्या सर्वनामाला स्थिर अर्थ नसतो, जो बोलतो त्याचा तो असतो, असे गोंदियातील आमच्या वर्गात आम्ही शिकवितो. तेव्हा हा ‘मी’ कोणाचा, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

गायकाच्या चरित्रपटात देह आणि कंठ ह्यांचा मेळ घालणे ही पहिली अडचण असते. पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरी ह्या रॉक गायकावरील ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’त (२०१८) देह नटाचा असून गायनासाठी मूळ ध्वनिमुद्रणांचा मोठा आधार घेतला आहे. ‘बालगंधर्व’मध्ये (२०११) देह सुबोध भावे ह्यांचा, तर कंठ आनंद भाटे ह्यांचा. प्रस्तुत चित्रपटात राहुल देशपांडे अभिनय आणि गायन दोन्ही करतात, आणि ते वसंतरावांचे नातू आहेत. म्हणजे ‘मी’ म्हणणारे येथे दोघे आहेत.

ह्याचा लाभ उघड आहे. तानेचा श्वास आणि चेहऱ्यावरील ताण एकाच देहाचे असल्याने गाणे उसने वाटत नाही. हानी मात्र सूक्ष्म आहे. मूर्तिजापूरला १९२० साली जन्मलेले, नागपुरात आईने वाढविलेले, लाहोरला असदअली खाँ ह्यांच्याकडे मारवा शिकलेले वसंतराव पुण्यात लष्करी हिशेब खात्यात दीर्घकाळ नोकरी करीत राहिले. त्यांची आक्रमक, अनपेक्षित वळणे घेणारी गायकी एका घराण्यात बसेना. १९६७ च्या ‘कट्यार काळजात घुसली’तील खाँसाहेबांच्या भूमिकेने त्यांना अमाप लोकप्रियता दिली. ह्या विलंबाचा दोष समाजाच्या बधिरतेकडे किती आणि त्यांच्या हट्टी, साशंक स्वभावाकडे किती? चित्रपट पहिल्या कारणास झुकते माप देतो.

वास्तविक नाट्यपदात शब्दाने किती भार वाहावा आणि तानेने किती, हा गंभीर वाद आहे. त्यात वसंतरावांच्या विरोधी पक्षासही युक्तिवाद होता. चित्रपटात तो पक्ष बहुधा नायकाच्या मार्गातील अडथळा म्हणूनच येतो. त्याचे म्हणणे प्रेक्षकाला तोलून पाहता येत नाही.

आत्मकथन विश्वसनीय ठरते ते स्वतःविरुद्ध साक्ष देण्याच्या धैर्यामुळे. नातवाने उच्चारलेल्या ‘मी’ला ती साक्ष जड जावी, हे स्वाभाविक आहे. गाणे ह्या ‘मी’ने जिवंत केले, त्या गाण्यामागचा अवघड माणूस मात्र अर्धाच बोलला.