उसने भाग, स्वतःचा प्रश्न

‘आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं.’ जर-तरची चर्चा बंद पाडायला आपल्याकडे ही म्हण हमखास कामी येते. उद्या तुम्ही सिनॉप्सिस घेऊन समितीपुढे उभे राहाल, ‘हे धोरण आलंच नसतं तर’ असं काही बोलाल, तेव्हा समोरच्या एखाद्या सरांच्या चेहऱ्यावर हीच म्हण दिसेल. गंमत अशी, की तुम्ही तसं बोलला नाहीत तरी तुमच्या सिनॉप्सिसमध्ये जर-तर असतंच. ‘या योजनेमुळे मुलींची गळती कमी झाली’ या साध्या वाक्याच्या पोटात ‘योजना नसती तर गळती एवढी कमी झाली नसती’ हे दुसरं वाक्य लपलेलं आहे. ‘-मुळे’ लिहिलं की जर-तर आलंच.

म्हणजे जर-तर टाळता येत नाही. प्रश्न एवढाच, की चांगलं जर-तर आणि पोकळ जर-तर यांत फरक कसा करायचा? हा फरक मला पुस्तकांपेक्षा एका छंदात जास्त स्वच्छ दिसला. छंद आहे प्लॅस्टिकच्या विमानांची मॉडेल्स बनवण्याचा, आणि त्यातही कधीच न झालेली विमानं बनवण्याचा. एका किटचं धड, दुसऱ्याचे पंख, तिसऱ्याची शेपटी, सांध्यांवर पुट्टी, वरून पॉलिश पेपर, रंग आणि शेवटी चिन्हांची स्टिकर्स. याला किटबॅशिंग म्हणतात. आणि अशा काल्पनिक विमानांना ‘व्हॉट-इफ’. आज मी याच मॉडेल्सची समीक्षा करणार आहे. करमणूक म्हणून ती कशीही असोत, मला काही म्हणायचं नाही. पण प्रत्येक व्हॉट-इफ एक दावा करतं, आणि दावा तपासायलाच तर आपण या क्षेत्रात येतोय.

पहिलं उदाहरण ब्रिटनच्या टीएसआर-२ या विमानाचं. शत्रूच्या हद्दीत अगदी खालून, प्रचंड वेगाने शिरून बॉम्ब टाकण्यासाठी आखलेलं हे विमान २७ सप्टेंबर १९६४ रोजी पहिल्यांदा उडालं. खर्च वाढत गेला आणि ६ एप्रिल १९६५ रोजी अर्थसंकल्पाच्या भाषणात प्रकल्प रद्द झाल्याची घोषणा झाली. तोवर एकाच नमुन्याची २४ उड्डाणं झाली होती. इतक्या देखण्या विमानाचा असा शेवट ब्रिटिश छांदिष्टांच्या मनाला कायमचा लागून राहिला. २००६ मध्ये एअरफिक्सने त्याचं १/७२ प्रमाणातलं किट काढलं आणि टीएसआर-२ ही व्हॉट-इफवाल्यांची लाडकी वस्तू झाली.

त्यातला सगळ्यात लोकप्रिय अवतार म्हणजे १९९१ च्या आखाती युद्धातलं टीएसआर-२. ब्रिटिश टॉर्नेडो विमानांना त्या युद्धात वाळवंटी गुलाबी रंग दिला होता. तोच रंग टीएसआर-२ ला द्यायचा. दिसायला झकास! पण जरा थांबून बघा, या मॉडेलमध्ये नेमकं काय बदललंय? फक्त रंग. विमान १९६५ चंच राहिलं, तारीख तेवढी १९९१ ची चिकटवली. मधल्या २६ वर्षांत हवाई युद्ध बदललं, त्याची विमानावर खूणसुद्धा नाही. त्या युद्धात टॉर्नेडोच्या पंखाखाली शत्रूचं रडार गोंधळवणारा स्काय शॅडो पॉड होता, दुसऱ्या बाजूला बीओझेड-१०७ होता. खालून उडताना विमानं पडू लागली, म्हणून ती उंचावर नेली गेली. मग लेझरने लक्ष्य दाखवायला जुनी बकनीर विमानं मुद्दाम बोलवावी लागली. गुलाबी टीएसआर-२ ला यातल्या एकाही अडचणीचा पत्ता नाही.

त्याहून मोठी गडबड पुढे आहे. टीएसआर-२ रद्द झालं, त्याच्या जागी अमेरिकेकडून घ्यायची एफ-१११ विमानंही १९६८ मध्ये रद्द झाली, आणि ती पोकळी भरता भरता ब्रिटन टॉर्नेडोपर्यंत पोहोचलं. मग टीएसआर-२ जगलं असतं तर टॉर्नेडो झालं असतं का, आणि झालंच तर याच रूपात? मॉडेल या प्रश्नाला हातच लावत नाही. ते टॉर्नेडोचा रंग, टॉर्नेडोचं युद्ध, टॉर्नेडोची भूमिका घेतं आणि टॉर्नेडोला गुपचूप पुसून टाकतं.

तुमच्या-माझ्या सिनॉप्सिसमध्ये हे रोज घडतं. परदेशातल्या एका अभ्यासाची चौकट घ्यायची, जागा ‘मराठवाडा’ करायची, साल बदलायचं, आणि त्याला ‘रिसर्च गॅप’ म्हणायचं. हा नवा प्रश्न नव्हे, ही रंगरंगोटी आहे. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसवर मार्गदर्शकांनी लाल पेनाने एवढंच लिहिलं होतं: ‘यात बदललं काय?’ तेव्हा राग आला होता. आज तोच प्रश्न मी गुलाबी विमानाला विचारतोय.

दुसरं उदाहरण घरचं आहे, म्हणून जास्त अवघड. एचएफ-२४ मारुत. जर्मन अभियंते कुर्ट टँक यांच्या नेतृत्वाखाली बंगळुरूच्या एचएएलमध्ये घडलेलं हे लढाऊ विमान १७ जून १९६१ रोजी पहिल्यांदा उडालं. एकूण १४७ मारुत बनली, १९७१ च्या युद्धात लढलीही. पण ज्या जोरदार इंजिनावर आराखडा बेतला होता, ते कधी आलंच नाही. आफ्टरबर्नर नसलेल्या ऑर्फियस ७०३ वर भागवावं लागलं. त्यामुळे ‘मारुतला इंजिन मिळालं असतं तर!’ हा आपल्याकडचा आवडता उसासा आहे. मॉडेलवाला हा उसासा सोपा करून टाकतो. शेपटीकडचे दोन बारीक नळे कापायचे, टॉर्नेडोच्या किटमधले मोठे नळे चिकटवायचे, झालं ‘सुपर मारुत’.

इथे दोन चुका आहेत. पहिली नळ्यांचीच. टॉर्नेडोचं इंजिन ऑर्फियसपेक्षा खूप जास्त हवा ओढतं. मागचे नळे बदलले तर पुढची हवा घेणारी तोंडं रुंद व्हायला हवीत, धडाची जाडी बदलायला हवी, इंधन वाढायला हवं. मॉडेलमध्ये तोंडं जशीच्या तशी असतात. एक गोष्ट बदलली आणि तिची किंमत कुणीच मोजली नाही.

दुसरी चूक व्याकरणाची आहे. ‘मिळालं असतं’ या क्रियापदात कर्ता लपतो. कोणी दिलं असतं? त्या इंजिनाच्या विकासाचा खर्च कोणी उचलायचा यावर गाडी अडली होती. म्हणजे खरा जर-तर असा: ‘दिल्लीने तो खर्च मान्य केला असता तर’. आता मात्र प्रश्नाला धार आली. ते पैसे कुठून काढले असते? दुसरं काय थांबलं असतं? असे प्रश्न आले की अर्काइव्हमध्ये जावं लागतं. ‘मिळालं असतं’ म्हणून उसासा टाकताना कुठेच जावं लागत नाही, म्हणून तो इतका आवडतो.

आणि हा जर-तर कुणी प्रत्यक्ष करूनही बघितला होता. आफ्टरबर्नर जोडलेलं मारुत १० जानेवारी १९७० रोजी कोसळलं. त्यात ग्रुप कॅप्टन सुरंजन दास गेले, मारुतचं पहिलं उड्डाण करणारे वैमानिक. हे माहीत झाल्यावर मारुतची शेपटी कापताना हात जरा जपून चालतो.

मग चांगलं व्हॉट-इफ कसं असतं? मला सापडलेलं सर्वोत्तम उदाहरण प्लॅस्टिकचं नाही, धातूचं आहे. दुसऱ्या महायुद्धात युंकर्स कंपनीला पुढच्या दिशेने झुकलेले पंख असणारं जेट बॉम्बफेकी विमान बनवायचं होतं. असे पंख कमी वेगात कसे वागतील, हा प्रश्न. तो तपासायला त्यांनी यू-२८७ चा पहिला नमुना चक्क जोडजाड करून बांधला. धड हाइंकेल १७७ चं, शेपटीचा भाग यू-३८८ चा, मुख्य चाकं यू-३५२ ची, आणि पुढची चाकं पाडलेल्या अमेरिकन बी-२४ लिबरेटर विमानांची! चाकं आत घेण्याची सोयसुद्धा केली नाही, कारण कमी वेगाच्या चाचणीला ती लागणार नव्हती. ऑगस्ट १९४४ मध्ये हे बेढब विमान उडालं.

याला मी उत्तम संशोधन-आराखडा म्हणतो. जवळजवळ सगळं उसनं, पण पंख, म्हणजे प्रश्न, स्वतःचा. जे उसनं घेतलं ते तपासून घेतलेलं, म्हणून चाचणीत काही वेगळं दिसलं तर पहिला संशय पंखावर घेता येतो. आणि दाव्याची मर्यादा विमानावरच दिसते: बाहेर लटकणारी चाकं सांगतात, की वेगाबद्दल आम्ही इथे काहीही म्हणत नाही.

समाजशास्त्रात किंवा अर्थशास्त्रात असं होतं का? होतं. रॉबर्ट फोगेल यांनी १९६४ च्या पुस्तकात विचारलं, अमेरिकेत रेल्वे नसती तर? त्यांनी नकाशावरून नुसती रेल्वे खोडली नाही. रेल्वे नसती तर लोकांनी आणखी कालवे खणले असते, हे धरून ते कालवे कुठे खणता आले असते याचा हिशोब मांडला. त्यावर वाद खूप झाले, पण वाद घालता येईल इतकं ते काम उघडं होतं. गुलाबी टीएसआर-२ शी वाद घालताच येत नाही. फार तर ‘छान दिसतंय’ म्हणता येतं.

एक इशारा मात्र देतो. उसने भाग घेताना प्रमाण बघा. १/४८ च्या किटमधली वैमानिकाची खुर्ची १/७२ च्या विमानात दीडपट मोठी होते; वरचं झाकण बसतच नाही. दुसऱ्याची प्रश्नावली उचलताना ती कोणत्या वयाच्या, कोणत्या भाषेच्या लोकांसाठी मापून केली होती, हे न बघणं म्हणजे तीच खुर्ची. पुट्टी लावून फट बुजते, माप बदलत नाही.

तेव्हा आज एवढंच करा. सिनॉप्सिसमधलं ‘-मुळे’ असलेलं मुख्य वाक्य एका कोऱ्या कागदावर लिहा. खाली त्याचं जर-तर लिहा, कर्त्यासकट. मग तो एक बदल झाला तर आणखी काय काय बदलावं लागेल, याची यादी करा. यादी रिकामी राहिली तर तुमच्या हातात गुलाबी विमान आहे. चार-पाच ओळी भरल्या आणि त्यातल्या दोन तपासायला कुठल्या कागदपत्रांकडे किंवा माणसांकडे जायचं हे सुचलं, तर समितीपुढे जायला हरकत नाही. आत्याबाईच्या मिशांचा विषय निघालाच, तर ती यादी पुढे करा.