प्राध्यापकपदाचा गुणतक्ता आणि दप्तर वाचणारा विद्यार्थी

कोणत्याहि कागदाचें परीक्षण करितांना तो कोणी, केव्हां व कोणत्या हेतूनें लिहिला हें प्रथम पाहावें, अशी आपल्या मंडळींची रीत आहे. तीच रीत आज एका अलीकडच्या छापील कागदास लावून पाहावयाची आहे. हा कागद म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलींतील गुणतक्ता होय. सहायक प्राध्यापकाच्या जागेसाठीं मुलाखतीस कोणास बोलवावें, हें त्यावरून ठरावें अशी योजना होती. हस्तलिखितांच्या संग्राहकांस याच्याशीं काय कर्तव्य, असें कोणी विचारील. परंतु आपल्या पेटींतील रुमाल उद्यां कोण सोडणार व कोण वाचणार, हें पुष्कळ अंशीं अशाच कागदांवर ठरत आलें आहे.

महाविद्यालयांसाठीं केलेल्या तक्त्यांत एकंदर 100 गुण आहेत. त्यांपैकीं पदवीस अधिकांत अधिक 21, पदव्युत्तर पदवीस 25, पीएच्. डी. स 25, संशोधनवृत्तीसह नेट् परीक्षेस 10, अध्यापनाच्या अनुभवास 10, प्रसिद्ध लेखांस 6 व पारितोषिकांस 3, अशी वांटणी आहे. प्रत्येक लेखास 2 गुण. अर्थात् महाविद्यालयाकडे अर्ज करणाराचा चौथा लेख हिशेबीं धरला जात नाहीं. विद्यापीठीय विभागांच्या तक्त्यांत ही मर्यादा 10 गुणांची आहे. ग्रंथास मात्र दोन्हीं तक्त्यांत रकानाच नाहीं. त्याच नियमावलींत वरच्या श्रेणींच्या संशोधनगुणांची मोजणी करितांना स्वतंत्र ग्रंथास 10 ते 12 व अनुवादित ग्रंथास 8 गुण दिले आहेत. म्हणजे घरांत शिरल्यावर ग्रंथ मोजावयाचा, उंबरठ्यावर नाहीं! आणि हस्तलिखिताची चिकित्सक आवृत्ति हा प्रकार तर वेगळ्या नांवानें कोठेंच नोंदलेला नाहीं.

याचा परिणाम बुलढाणा जिल्ह्याच्या उदाहरणानें स्पष्ट होईल. सिंदखेडच्या जाधवांचें घराणें, 1629 मध्यें दौलताबादेस झालेला लखुजीरावांचा वध, 1724 ची साखरखेर्ड्याची लढाई, लोणार व मेहकर येथील महानुभावीय स्थळें, हे विषय या एका जिल्ह्यांतले. यांपैकीं कोणताहि घेणाऱ्या विद्यार्थ्यास छापील ग्रंथांवर भागवितां येत नाहीं. जाधवांसाठीं मोडी पाहिजे, निजामाच्या बाजूसाठीं फारसी पाहिजे, महानुभावांसाठीं सकळ लिपि उलगडतां आली पाहिजे. यांत वर्षें जातात, आणि हातीं येते ती फार तर एक आवृत्ति. दुसरा विद्यार्थी छापील पुस्तकांवरून तीन लेख जुळवितो व 6 पैकीं 6 गुण घेतो. दोघांच्या श्रमांत जें अंतर आहे, तें या तक्त्याच्या दृष्टीस पडत नाहीं.

येथें पूर्वसूरींचीं नांवें पुढें करण्याचा मोह होतो. «वऱ्हाडचा इतिहास» 1924 सालीं प्रसिद्ध करणारे बुलढाण्याचे यादव माधव काळे व महानुभाव वाङ्मयाचे यवतमाळचे अभ्यासक यशवंत खुशाल देशपांडे हे दोघेहि वकील. राजवाड्यांनीं 1898 मध्यें साधनांचा पहिला खंड काढला तोहि प्राध्यापकाच्या खुर्चींत बसून नव्हे. परंतु यावरून खऱ्या संशोधकास नोकरीची गरज नसते असा निष्कर्ष काढणें हें तर्कदृष्ट्या दुष्ट होय. वकिलांच्या पाठीशीं वकिलीचें उत्पन्न होतें, आणि राजवाड्यांनीं सोसलेली ओढाताण हा कोणावर लादण्याचा नियम होऊं शकत नाहीं. शेतकऱ्याच्या किंवा मजुराच्या घरांतून आलेल्या आजच्या विद्यार्थ्यास असा उपदेश करणें म्हणजे इतिहास पुन्हां सुस्थितांच्या हवालीं करणें होय.

तक्त्याची न्याय्य बाजूहि सांगितली पाहिजे. तो आगाऊ जाहीर असतो. ज्याचा कोणी शिफारस करणारा नाहीं, त्यास आपण कोठें उभे आहों हें त्यावरून कळतें. परंतु त्याच नियमावलीप्रमाणें हे गुण केवळ मुलाखतीच्या निमंत्रणापुरते. अंतिम निवड मुलाखतीवर. म्हणून तक्त्यानें मर्जीस पायबंद घातला, असें पूर्णपणें म्हणतां येत नाहीं.

नियमांची अस्थिरता हा दुसरा दोष. विद्यापीठीय विभागांत पीएच्. डी. 2021 पासून अनिवार्य व्हावयाची होती. ती मुदत 2023 पर्यंत पुढें गेली, आणि 2023 मध्येंच ही अट काढून नेट्, सेट् इत्यादि परीक्षा हीच किमान पात्रता ठरली. ज्यानें त्या अटीवर विसंबून पांच वर्षें दप्तरांत घालविलीं, त्याचा हिशेब मध्येंच बदलला. दरम्यान पोटासाठीं तासिका तत्त्वावर शिकवावें, तर पूर्वीची कंत्राटी सेवा धरण्याविषयींच्या कलमांत, त्या वेळचें वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या वेतनाहून कमी नसावें, अशी अट आहे. तासावर मोबदला घेणारा ती कोठून पुरी करणार?

दोष केवळ आयोगाचा नाहीं. दप्तर दाखविण्यास वर्ष वर्ष टाळणारे मालक आपल्यांतच आहेत. आपण छापलेल्या आवृत्ति पुष्कळदां तज्ज्ञांच्या परीक्षणावांचून निघतात; मग त्यांस गुण नाहींत म्हणून कोणाकडे दाद मागावी? संग्राहकांनीं दप्तराची साधी यादी करून ती विद्यार्थ्यास खुली करावी. संशोधनसंस्थांनीं हस्तलिखिताची आवृत्ति दोन परीक्षकांकडून तपासून घ्यावी व तपासल्याची नोंद छापावी. आयोगानें जानेवारी 2025 मध्यें काढलेल्या मसुद्यांत भारतीय भाषांतील अध्यापन व भारतीय ज्ञानपरंपरा यांचा उल्लेख होता. तसे शब्द नियमांत येवोत वा न येवोत; चिकित्सक आवृत्ति हा स्वतंत्र रकाना मागण्याचें काम आपल्यासारख्यांनींच केलें पाहिजे.

विद्यार्थ्यास सांगावयाचें तें थोडकें. सेट् किंवा नेट् आधीं उरकावी; प्रबंध तिची जागा घेईल या भरंवशावर राहूं नये. आवृत्तीच्या कामांतूनच दप्तराचें वर्णन, तिथिनिर्णय व एखाद्या घराण्याची वंशावळ, असे तीन लेख वेगळे काढावे. तक्ता भरतो आणि मूळ काम सुटत नाहीं. मोडीस विद्यापीठाबाहेरहि मागणी असते. 2023 मध्यें नेमलेल्या न्यायमूर्ति संदीप शिंदे समितीच्या कामीं कुणबी नोंदी शोधतांना मोडी वाचकांची किती गरज पडली, हें सर्वांनीं पाहिलेंच आहे. परंतु अशा प्रासंगिक कामावर संसार चालत नाहीं, हेंहि त्यास स्पष्ट सांगितलें पाहिजे.

कागद कसरीनें जातो, ओलीनें जातो; पण वाचणारा उरला नाहीं तर तो पेटींत शाबूत असूनहि गेल्यासारखाच. सिंदखेडचीं किंवा मेहकरचीं दप्तरें जपावयाचीं असतील, तर तीं वाचूं शकणाऱ्या माणसाच्या उपजीविकेचा प्रश्न संग्राहकांनीं आपला मानावा, इतकेंच या परीक्षणाचें तात्पर्य.