जास्वंदीचा लाल

जास्वंद बघायची तर आदल्या संध्याकाळच्या कळीपासून. पाचही पाकळ्या एकमेकींवर पीळ घालून, मिटलेल्या छत्रीसारख्या आवळून बसलेल्या असतात. सकाळी तो पीळ सुटतो आणि पाकळ्या मागे झुकतात. मग मधून तो लांब दांडा झेपावतो. जास्वंदीचं खरं सौंदर्य या दांड्यात आहे. सगळे पुंकेसर जुळून त्याची नळी झालेली असते, वरच्या भागावर पिवळ्या परागांचे कण. स्त्रीकेसर याच नळीच्या आतून वर चढतो आणि टोकाशी पाच वाटांनी फुटतो. प्रत्येक वाटेच्या शेवटी मखमली लाल ठिपका. पाच पाकळ्यांना पाच ठिपक्यांचं उत्तर! दुहेरी जास्वंदीत बरेचसे पुंकेसर पाकळ्या होऊन बसतात. फूल भरगच्च होतं, पण दांड्याची ही रेषा हरवते. म्हणून माझं मत एकेरी, गावठी, लाल जास्वंदीलाच.

तिला वास नाही. सगळी भिस्त रंगावर, आणि आपल्या परंपरेनं वाचला तोही रंगच. नवग्रहस्तोत्रात सूर्याचं तेज सांगताना पहिली आठवण जपाकुसुमाची, म्हणजे जास्वंदीची होते. त्याहून मला मोलाचा वाटतो सांख्य-वेदान्तातला दृष्टान्त: स्वच्छ स्फटिकाजवळ हे फूल ठेवलं की स्फटिक लाल दिसतो, पण लाल होत नाही. सुखदुःखाजवळचा आत्मा तसाच. शेजारच्याला नुसत्या जवळिकीनं रंगवील इतका गडद लाल हवा होता, आणि तत्त्वज्ञांना तो जास्वंदीत सापडला. हे एका फुलाचं केवढं भाग्य!

गणपतीला लाल फुलं प्रिय, एवढंच अथर्वशीर्ष सांगतं. जास्वंदीचं नाव त्यात नाही. ती निवड घराघरांनी केली. बंगालमध्ये हीच जास्वंद, तिथली ‘जबा’, कालीच्या गळ्यात माळ होऊन येते. इथे मंगल वाटणारा लाल तिथे रौद्र होतो. मलायानं 1960 साली तिलाच राष्ट्रीय फूल केलं.

फुलाचं आयुष्य जेमतेम एका दिवसाचं. पण खुडल्यावरही, पाण्यात न ठेवता, ते संध्याकाळपर्यंत उमललेलं राहतं. देवापुढे ठेवायला याहून सोयीचं फूल कुठलं?

लावणाऱ्यानं एक गोष्ट मनात पक्की धरावी: कळी नव्या फुटीवर येते. झाडाच्या मायेपोटी कात्री न लावणाऱ्यांच्या अंगणात नुसता पाला वाढतो. चार-पाच तास तरी थेट ऊन हवं. कुंडीत पाणी साचलं किंवा माती फार वाळली, तर कळ्या न उमलताच गळतात. फांद्यांवर मुंग्यांची रांग दिसली की पानांमागे पांढरा पिठ्या ढेकूण शोधावा; पाण्याचा जोरदार फवारा आणि निंबोळी तेल, दोन्ही नेटानं चालू ठेवावं.

आपल्याकडे अंगणातल्या जास्वंदीला बी सहसा धरत नाही. ती पसरली माणसांच्या हातून, या घरच्या फांदीनं त्या घरी. तेव्हा विकतच्या रोपाआधी शेजारी विचारा. पाऊस स्थिरावला की पेन्सिलीएवढी जाड, वीतभर फांदी मागून आणा, खालची पानं काढा, दोन डोळे मातीत जातील अशी सावलीत खोचा. आणि झाड वाढलं की मागायला येणाऱ्याला नाही म्हणू नका.